विहिरीचे पाणी, युरियाची गोणी आणि न दिसणारी चाळणी



मागल्या महिन्यात रोहण्याचे एक जुने सभासद कारखान्याच्या प्रयोगशाळेत आले. आम्हांला वाटले, उसाच्या उताऱ्याची चौकशी असेल. पण त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, हे माह्या विहिरीचं पाणी. पाहा, कसं काचेवानी दिसते. पण पोरगी बाळंतपणाले आली आहे, लेकरू दोन महिन्याचं आहे. दूध पुरत नाही म्हणून डब्याचं दूध या पाण्यात कालवून देतो. पाणी चांगलं उकळून घेतो. आता गावात मशीनवाला आला होता. एक मशीन साडेतीन हजाराचं, एक बारा हजाराचं. दोन्हीत पडदाच आहे म्हणते. मंग बारा हजार कायले घालू जी?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर उभ्या-उभ्या देण्यासारखे नव्हते. शिवाय हा प्रश्न एकट्या रोहण्याचा नाही. आर्वी, देवळी, सेलू, हिंगणघाट, कुठल्याही तालुक्यातल्या घरात आज हीच चर्चा चालते. म्हणून त्यांना जे सांगितले तेच जरा विस्ताराने या अंकात देत आहोत. विषय शास्त्राचा असला तरी घाबरण्याचे कारण नाही. ज्याने उसाचा रस गाळला आहे आणि लोणच्याची बरणी भरली आहे, त्याला यातले निम्मे आधीच ठाऊक आहे.

गाळणे आणि चाळणे

आपला कारखाना म्हणजे एका अर्थाने गाळण्याचाच उद्योग. गव्हाणीतून ऊस आत गेला, मिलमधून रस निघाला, की पहिल्यांदा तो जाळीवरून जातो. भुशाचे बारीक तंतू जाळीवर राहतात, रस खाली पडतो. पुढे सेंट्रिफ्युगल मशीनमध्ये शिजलेला माल गरगर फिरतो. जाळीच्या आत साखरेचा दाणा राहतो आणि मळी जाळीतून बाहेर फेकली जाते. दोन्हीकडे तत्त्व एकच. भोकापेक्षा मोठे ते आत राहिले, लहान ते पार गेले.

आता चहा घ्या. गाळणीवर चहापत्ती राहते, पण साखर राहते काय? नाही. साखर विरघळली म्हणजे तिचा दाणा मोडून एकेक रेणू सुटा झाला. तो इतका लहान की गाळणीच काय, चार पदरी धोतराच्या फडक्यातूनही आरामात निघून जातो. विहिरीच्या पाण्यातले क्षारही असेच विरघळलेले असतात. म्हणून पाणी काचेसारखे दिसले तरी त्यात काय आहे हे डोळ्याला कळत नाही.

मग विरघळलेला रेणू अडवणारी चाळणी असते का? असते. तिला शास्त्राच्या पुस्तकात अर्धपारगम्य पडदा म्हणतात. अर्धपारगम्य म्हणजे काहींना पार जाऊ देणारा आणि काहींना अडवणारा. नाव अवघड असले तरी काम नाक्यावरच्या जकातवाल्याचे आहे.

ज्वारीचा दाणा आणि दुमजली घर

हा पडदा कोणाला सोडतो नि कोणाला अडवतो, हे समजायला आकारांचा अंदाज हवा. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. पाण्याचा रेणू सुमारे ०.२८ नॅनोमीटरचा. एवढ्याने डोळ्यापुढे काही येत नाही, म्हणून आपण सगळ्या गोष्टी सारख्या प्रमाणात फुगवून पाहू या.

समजा पाण्याचा एक रेणू ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. मग त्याच मापाने नायट्रेट नावाचा क्षारकण तुरीच्या दाण्याएवढा होईल. उसाच्या साखरेचा रेणू होईल गावरान बोराएवढा. मध्यम आकाराचा विषाणू होईल बैलाच्या उंचीचा. हगवण लावणारा जिवाणू चांगला दुमजली घराएवढा होईल. आणि आपल्या डोक्याचा केस? तो एक किलोमीटर जाडीचा होईल!

आता मशीनच्या पडद्यांकडे वळू. साडेतीन हजाराच्या मशीनमधला पडदा ज्या जातीचा असतो, तिला अतिसूक्ष्म गाळण म्हणतात. मशीनवर 'यूएफ' अशी अक्षरे असतात. त्याची भोके साधारण दहा-वीस नॅनोमीटरची, म्हणजे आपल्या फुगवलेल्या मापाने वीतभर रुंद. वीतभर भोकातून दुमजली घर जाणार नाही, बैलही जाणार नाही. म्हणजे जिवाणू आणि बहुतेक विषाणू अडले. पाणी गढूळ असेल, त्यात घाण उतरत असेल, तर हा पडदा फार उपयोगाचा. त्याला वीजही लागत नाही, टाकीच्या उंचीचा दाब पुरतो. पण वीतभर भोकातून ज्वारी, तूर आणि बोर तिन्ही खाली पडणार. म्हणजे पाण्याबरोबर विरघळलेले सगळे क्षार जसेच्या तसे पार.

बारा हजाराच्या मशीनमधला पडदा वेगळा. मशीनवर 'आरओ' लिहिलेले असते. त्यात वीतभर भोके नाहीतच. त्याच्या पातळ थरात पाण्याचा रेणू कसाबसा शिरेल एवढ्याच फटी असतात. तूर आणि बोर तिथे अडतात, ज्वारी पार होते.

पण हुशार वाचक इथे विचारील, ज्वारी आणि तूर यांत फरक तो केवढा? नुसत्या आकारावर एवढी निवड होईल? शंका बरोबर आहे. क्षाराचा कण विजेचा भार घेऊन असतो आणि पाण्याचे रेणू त्याला भोवताली चिकटून असतात. नवरदेव एकटा असला तर दारातून सहज जाईल, पण पाठराखे, करवली आणि वाजंत्री घेऊन एकदम शिरू लागला तर अडकेल, तसे हे होते. शिवाय या पडद्याच्या पदार्थात पाणी मुरते आणि मुरत मुरत पलीकडे जाते. क्षार त्यात फारसा मुरत नाही. म्हणून मोठ्या भोकांच्या पडद्यात आकाराचा हिशेब पुरतो, पण अगदी बारीक पडद्यात आकाराबरोबर स्वभावही पाहिला जातो. त्यामुळेच हा पडदा शंभर टक्के क्षार अडवीत नाही. चांगला पडदा नायट्रेट साधारण ८५ ते ९५ टक्के अडवतो आणि जुना झाला की त्याहून कमी.

उसाच्या साखरेने शिकवलेला धडा

या विद्येचा इतिहास मनोरंजक आहे आणि त्यात आपल्या उसाच्या साखरेला मानाचे पान आहे.

१७४८ साली फ्रान्समध्ये नोले नावाच्या पाद्री शास्त्रज्ञाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडाला डुकराचे मूत्राशय बांधले आणि ते पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पाहतो तो कातडे फुग्यासारखे वर आलेले! बाहेरचे पाणी आत शिरले होते, आतला मद्यार्क मात्र तितक्या सहज बाहेर येत नव्हता. १८६१ मध्ये इंग्लंडात टॉमस ग्रॅहम याने दाखवले की साखर-मिठासारखे लहान रेणू काही पडद्यांतून जातात, पण डिंकासारखे मोठे रेणू मागे राहतात. या निवडीला त्याने डायलिसिस हे नाव दिले. ते नाव आज आपण दवाखान्यात ऐकतो.

पुढे १८७७ मध्ये जर्मनीत फेफर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीच्या सच्छिद्र भांड्याच्या भिंतीत तांब्याच्या एका क्षाराचा पडदा जमवला. त्यातून पाणी जाई, साखर जात नसे. भांड्यात उसाच्या साखरेचे पाणी भरून ते साध्या पाण्यात ठेवले. पाणी आत ओढले गेले आणि दाब चढू लागला. नुसत्या एक टक्का साखरेच्या पाण्याने पाऱ्याचा स्तंभ अर्ध्या मीटरहून जास्त चढवला. साखर दुप्पट केली की दाबही जवळजवळ दुप्पट. पुढे हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांनी या आकड्यांवरून नियम बांधला. १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले ते यांनाच.

पाणी असे का ओढले जाते? पडद्याच्या दोन्ही बाजूंनी पाण्याचे रेणू सारखे धडका मारीत असतात. साध्या पाण्याच्या बाजूला सगळेच पाण्याचे रेणू, म्हणून तिकडून पार होणारे जास्त. साखरेच्या बाजूला मध्ये मध्ये साखरेचे रेणू आलेले, त्यामुळे इकडून परत जाणारे कमी. हिशेबाची बाकी निघते ती साखरेच्या बाजूला. म्हणून पातळाकडून दाटाकडे पाणी जाते. याला परासरण म्हणतात.

हे आपल्या घरोघरी चालते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की खार सुटतो, तो फोडीतले पाणी बाहेर ओढले गेल्यामुळे. मनुका रात्रभर पाण्यात टाकल्या की टच्च फुगतात. साखरेच्या पाकात मुरंबा टिकतो, कारण जिवाणू त्यात पडला तरी त्याच्याच अंगातले पाणी पाक ओढून घेतो आणि तो वाळून मरतो. आणि शेतात? कोवळ्या पिकाच्या बुडाशी मूठभर युरिया एकाच जागी पडला, वर पाणी कमी, की आपण म्हणतो "खत लागलं". ते जळणे आगीचे नव्हे. मुळाबाहेरचे पाणी दाट झाले, म्हणून मुळातले पाणी उलट बाहेर आले. चोपण-खारवट जमिनीत ओल दिसते आणि पीक सुकते, त्यातही हेच कारण बरेचदा असते.

ऊस गाळण्याच्या धंद्यातही हे लक्षात ठेवण्यासारखे. पंधरा टक्के साखर असलेला रस आणि साधे पाणी यांच्यामध्ये बिनचूक पडदा ठेवला, तर पाणी आत ओढले जाऊन बारा वातावरणांच्या वर दाब तयार होईल. म्हणजे शंभर मीटरहून उंच पाण्याचा स्तंभ! उसाच्या पेशीतला पडदा जिवंत असेतो साखर बाहेर सोडीत नाही, म्हणून तर आपल्याला मिलमध्ये पेशी चिरडाव्या लागतात. बीटपासून साखर करणारे देश चिरडीत नाहीत. बिटाच्या चकत्या सुमारे ७० अंश गरम पाण्यात टाकतात. उष्णतेने पेशीचा पडदा निकामी झाला की साखर आपोआप पाण्यात येते. घरी करून पाहा. बिटाची धुतलेली फोड थंड पाण्यात टाका, रंग थोडाच उतरेल. उकळत्या पाण्यात टाका, पाणी लालभडक होईल.

उलटा प्रवाह

पाणी आपणहून साध्याकडून खाऱ्याकडे जाते. आपल्याला हवे उलटे. त्यासाठी खाऱ्या बाजूने ओढीपेक्षा जास्त दाब द्यावा लागतो. दाब दिला की पाणी मुकाट्याने साध्या बाजूला येते आणि क्षार मागे राहतात. यालाच उलटे परासरण म्हणतात, आणि मशीनवरच्या 'आरओ' या अक्षरांचा अर्थ तोच. म्हणून या मशीनला वीज लागते. विहिरीच्या पाण्याची ओढ वातावरणाच्या एखाद्या भागाएवढीच असते, पण भराभर पाणी मिळावे म्हणून घरगुती पंप चार-सहा वातावरणांचा दाब देतो. समुद्राच्या पाण्याची ओढ मात्र २७ वातावरणांच्या घरात, तिथे ५५-७० वातावरणे दाब लावावा लागतो.

असा दाब सोसणारा आणि तरी भराभर पाणी सोडणारा पडदा बरीच वर्षे कोणाला जमला नव्हता. तो १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी केला. यांतले सौरिराजन आपल्या देशाचे. त्यांची युक्ती अशी की पडदा सगळा जाड करायचा नाही. निवड करणारा थर अगदी पातळ साईसारखा ठेवायचा आणि त्याला आधाराला खाली जाडसर सच्छिद्र थर द्यायचा. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला अशा यंत्राचे पिण्याचे पाणी मिळू लागले. आपल्याकडे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि भावनगरची मीठ संशोधन संस्था यांनी या पडद्यांवर पुष्कळ काम केले आहे.

रक्तातला युरिया

याच चाळणीने माणसे जगतात, तेही थोडक्यात सांगतो. मूत्रपिंड बिघडले की रक्तात युरिया साचतो. हा युरिया आणि आपल्या गोणीतला युरिया रासायनिक दृष्ट्या एकच! त्याचा रेणुभार अवघा ६०. रक्तातल्या कामाच्या प्रथिनाचा, अल्ब्युमिनचा, रेणुभार ६६ हजारांच्या आसपास. एवढा फरक असल्यावर निवड सोपी. पडद्याच्या एका बाजूने रक्त, दुसऱ्या बाजूने ठरावीक क्षारांचे पाणी वाहते ठेवले की युरिया पार होतो आणि प्रथिने व रक्तपेशी मागे राहतात.

हॉलंडमध्ये जर्मनांच्या ताब्याच्या काळात, १९४३ साली, विलेम कॉल्फ या तरुण डॉक्टरने असले पहिले कामाचे यंत्र बांधले. पडदा कुठला? खिमा भरण्यासाठी मिळणारी सेलोफेनची नळी, लाकडी ढोलावर गुंडाळलेली. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्या यंत्राने बेशुद्धीतून उठून बसली. आज २०१६ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून गरीब रोग्यांना ही सोय मिळते. चार तासांच्या एका खेपेला शंभर-सव्वाशे लीटर पाणी लागते, आणि ते पाणी आधी उलट्या परासरणाने शुद्ध केलेले असते. एका चाळणीच्या मागे दुसरी चाळणी, असा हा प्रकार.

डिस्टिलरीतली चाळणी

आपल्या धंद्यातही ही विद्या आली आहे. ज्या कारखान्यांकडे डिस्टिलरी आहे, तिथे साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क ९५-९६ टक्क्यांपर्यंतच जातो. उरलेले पाणी कितीही उकळले तरी सुटत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला ते काढलेच पाहिजे. त्यासाठी झिओलाइट नावाच्या खनिजाचे मणी वापरतात. त्यांच्या अंगातली भोके ०.३ नॅनोमीटरची. पाण्याचा रेणू आत शिरून बसतो, इथेनॉलचा रेणू मोठा म्हणून बाहेरच राहतो. इथे पडदा नाही, पण निवड आकाराचीच. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट गाठले, त्यात या न दिसणाऱ्या भोकांचा वाटा आहे. तसेच डिस्टिलरीचे काळे सांडपाणी आटवण्यापूर्वी त्यातले पाणी परत मिळवायला कित्येक ठिकाणी उलट्या परासरणाचे पडदे बसवतात.

आपल्या विहिरीत काय आहे?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटसाठी देशातल्या ज्या १५ जिल्ह्यांची नावे आली, त्यांत सात महाराष्ट्रातले आहेत. वर्धा, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा, जळगाव, बीड आणि नांदेड. आपला जिल्हा त्यात आहे, हे लपवून उपयोग नाही.

पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लीटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त झाले तर सगळ्यांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या, वरच्या दुधावरच्या बाळाला. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला बिघडवते आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. बाळ ओठाशी, नखांशी निळसर पडते. अशा वेळी अंगारे-धुपारे न करता तडक दवाखाना गाठावा.

आता रोहण्याच्या आपल्या सभासदांची समजूत पाहू. ते पाणी उकळत होते. उकळण्याने जिवाणू मरतात, हे खरे. पण नायट्रेट वाफेबरोबर उडत नाही. लीटरला ६० मिलिग्रॅम असलेले एक लीटर पाणी उकळून पाऊण लीटर झाले, तर तेच प्रमाण ८० वर जाते! म्हणजे काळजीपोटी केलेल्या कामाने दोष वाढला. तुरटीने, कॅन्डलच्या फिल्टरने, फडक्याने नायट्रेट जात नाही. साडेतीन हजाराच्या मशीननेही जात नाही. का नाही, ते वर तुरीच्या दाण्यावरून ध्यानात आलेच असेल.

पण बारा हजाराचे मशीन घेतले म्हणजे झाले, असेही समजू नये. चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, आधी पाणी तपासावे, मग मशीन घ्यावे. जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नायट्रेटची तपासणी होते. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक नमुना कसा घ्यायचा ते सांगतील. विक्रेता पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, तो एकूण क्षारांचा. त्यावरून नायट्रेट किती हे कळत नाही. पाण्यात नायट्रेट नसेल आणि एकूण क्षारही लीटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील, तर बारा हजार वाचवा.

दुसरी, मशीनमध्ये चव सुधारण्यासाठी एक छोटी झडप असते. तिने थोडे मूळ पाणी गाळलेल्या पाण्यात परत मिसळले जाते. जिथे नायट्रेट आहे तिथे ही झडप घात करते. उदाहरणादाखल हिशेब करू. मूळ पाण्यात लीटरला १५० मिलिग्रॅम आहे आणि पडद्याने ९० टक्के अडवले, तर १५ उरले. छान. पण झडपेतून ३० टक्के मूळ पाणी मिसळले, तर सत्तर टक्क्यांचे साडेदहा आणि तीस टक्क्यांचे पंचेचाळीस, मिळून साडेपंचावन्न. म्हणजे पुन्हा मर्यादेबाहेर! ती झडप बंद करून घ्यावी.

तिसरी, पडदा म्हातारा होतो. मशीन चालते, पाणी येते, गोडही लागते, पण नायट्रेट सुटू लागते. वर्षातून एकदा तरी गाळलेल्या पाण्याचीही तपासणी करावी.

चौथी, एक लीटर गोड पाण्यामागे दोन-तीन लीटर पाणी बाहेर पडते आणि अडवलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. चाळणीने नायट्रेट नष्ट होत नाही, फक्त बाजूला होते. ते पाणी पिऊ नये, ढोरांनाही पाजू नये आणि विहिरीजवळच्या खड्ड्यात तर मुळीच सोडू नये, नाहीतर आपले आपल्यालाच परत. अंगण, संडास धुवायला वापरावे, किंवा साध्या पाण्यात मिसळून झाडांना घालावे.

गोणीची गोष्ट

शेवटी एक कडू पण खरी गोष्ट. विहिरीत नायट्रेट आले कुठून? काही गोठ्याच्या उकिरड्यातून, काही संडासाच्या खड्ड्यातून आणि बरेचसे आपण टाकलेल्या गोणीतून. युरिया मातीत पडला की आधी त्याचा अमोनियम होतो, मग नायट्रेट. आपल्या काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियम धन भाराचा, तो मातीला धरून राहतो. नायट्रेट ऋण भाराचा, त्याला माती धरीत नाही. पिकाने उचलला तर ठीक, नाहीतर पुढच्या जोराच्या पावसात किंवा पाटपाण्यात तो भेगांतून सरळ खाली विहिरीला. काळी माती नायट्रेटच्या बाबतीत चाळणी नाही, उघडे दार आहे.

सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे ४५ किलोच्या साधारण १२ गोण्या युरिया. हाही चार हप्त्यांत द्यायचा. लागणीला १० टक्के, दीड-दोन महिन्यांनी ४०, तीन-चार महिन्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला ४० टक्के. शेणखत, हिरवळीचे खत किंवा आधीचे कडधान्य असेल तर माती तपासून यातूनही कमी करता येते. पण कित्येक जण "शेजाऱ्याचा ऊस जास्त काळा दिसते" म्हणून तीन-चार गोण्या वरून टाकतात, तेही एकदम आणि मोकळ्या पाण्यावर. त्याने टनेज वाढत नाही, ऊस लोळतो, रसाची शुद्धता उतरते आणि उरलेले नत्र लेकराच्या पाण्यात जाते. गोणीचे पैसे आपण एकदा दुकानात देतो आणि दुसऱ्यांदा मशीनवाल्याला.

आता त्या सभासदांचे पुढे काय झाले? त्यांनी पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले. तोवर बाळासाठी नायट्रेट मर्यादेत असल्याची खात्री झालेल्या दुसऱ्या पाण्याची सोय केली, आणि आशाताईंच्या सांगण्यावरून पोरीला डॉक्टरांकडे नेले. दूध पुरत नाही ही बऱ्याच अंशी भीतीच निघाली. पहिले सहा महिने आईच्या दुधासारखी चाळणी नाही. आईच्या पाण्यात नायट्रेट असले तरी दुधातून ते बाळाला फारसे जात नाही. मशीन त्यांनी घेतले ते बारा हजाराचेच, पण झडप बंद करून.

परवा ऊसतोडीच्या कामाने भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, मशीन तं लावलं. पण औंदा युरिया मोजून टाकतो. माह्या विहिरीतलं पाणी शेजारच्याच्याही विहिरीत जाते नं."

सहकाराचा अर्थ याहून वेगळा काय सांगावा? विहिरी आपल्या वेगवेगळ्या असतील, पण खालचे पाणी सगळ्यांचे एकच आहे. ज्यांच्या घरी लहान मूल आहे, त्यांनी हा अंक वाचून बाजूला न ठेवता या आठवड्यातच पाण्याचा नमुना तपासायला द्यावा, ही विनंती.

— प्रयोगशाळा विभाग